विजयदुर्ग, हेलियम आणि चॅटबॉट : इतिहास विचारायचा कसा?

हेलियमचा शोध कुठे लागला? महाराष्ट्रात हा प्रश्न विचारलात तर अनेकांकडून एकच उत्तर येईल : विजयदुर्गावर. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं, नॉर्मन लॉकयर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ किल्ल्यावर आला, त्याने दुर्बीण लावली आणि त्याला सूर्यावर हेलियम सापडला. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून ओळखले जाणारे चौथरेही दाखवतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. वर्तमानपत्रांत लेख येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतात.

आता हाच प्रश्न चॅटबॉटला विचारला तर काय होतं, आणि त्या उत्तराचं आपण करायचं काय, यावर आजचा लेख आहे.

विषय निवडण्याचं कारण सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. सिनॉप्सिसमध्ये सुरुवातीला एक 'ऐतिहासिक पार्श्वभूमी' असते. विज्ञान शाखेतल्या मुलांना हा भाग म्हणजे नुसती औपचारिकता वाटते, त्यामुळे तो हल्ली सर्रास चॅटबॉटकडून लिहून घेतला जातो. चॅटबॉट वापरूच नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः रोज वापरतो. पण प्रयोगशाळेत रीडिंग घेताना आपण जेवढे काटेकोर असतो, तेवढे इतिहासाचं एक वाक्य लिहिताना का नसतो? हेलियमचं उदाहरण त्यासाठी फार चांगलं आहे, कारण इथे लोककथा, पाठ्यपुस्तक आणि यंत्र तिघांचीही परीक्षा एकदम होते.

आधी कागदावर काय आहे ते बघू

१८६८ च्या ग्रहणाची सावली भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली. नकाशा उघडा आणि विजयदुर्ग, जमखंडी, गुंटूर आणि मछलीपट्टण शोधा. चारही ठिकाणं १६ ते १७ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. म्हणजे विजयदुर्गाची गोष्ट भूगोलाच्या दृष्टीने अशक्य वाटत नाही, आणि म्हणूनच ती टिकते.

त्या दिवशी कोण कुठे होतं याच्या नोंदी आहेत. फ्रान्सहून आलेले पिएर जॅन्सेन गुंटूरला होते. मेजर जेम्स टेनंट यांची ब्रिटिश तुकडीही गुंटूरलाच होती. रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होते. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला होते. सूर्याच्या कडेवर ग्रहणात ज्या लालसर ज्वाला दिसतात, ज्यांना आपण प्रॉमिनन्स म्हणतो, त्या नेमक्या कशाच्या आहेत हे स्पेक्ट्रोस्कोपने बघायचं, हा या सगळ्यांचा मुख्य उद्देश होता. वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे ठरलं. जॅन्सेनना त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण संपल्यावरही त्या दिसतील असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात, त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या.

या यादीत लॉकयर नाहीत. ऑगस्ट १८६८ मध्ये ते इंग्लंडमध्ये होते. वय ३२, नोकरी ब्रिटिश सरकारच्या युद्धखात्यात कारकुनाची, आणि खगोलशास्त्र हा फावल्या वेळेतला उद्योग. ग्रहण नसतानाही स्पेक्ट्रोस्कोपने प्रॉमिनन्स पाहता येतील ही कल्पना त्यांना १८६६ पासून सुचलेली होती. त्यासाठी लागणारं उपकरण त्यांनी सरकारी अनुदानातून बनवायला दिलं, पण ते वेळेवर मिळालं नाही. ते हातात आलं १६ ऑक्टोबर १८६८ ला. चार दिवसांनी, २० ऑक्टोबरला, त्यांना इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, प्रॉमिनन्सचा वर्णपट दिसला.

जॅन्सेनचं भारतातून पाठवलेलं पत्र आणि लॉकयरच्या निरीक्षणाची बातमी, दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबर १८६८ ला वाचली गेली. दोघांनी स्वतंत्रपणे एकच पद्धत शोधली असं मानलं गेलं आणि १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. हे पदक ग्रहणाशिवाय प्रॉमिनन्स पाहण्याच्या पद्धतीसाठी होतं, हेलियमसाठी नव्हतं.

मग हेलियम? लॉकयरना वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा, डी-१ आणि डी-२, साधारण ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर असतात. ही नवी रेषा त्यांच्या शेजारी होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. आजच्या मोजमापाने ती ५८७.६ नॅनोमीटरवर येते. फरक जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरचा. ग्रहण पाहणाऱ्यांपैकी अनेकांना पिवळी रेषा दिसली होती, पण ती सोडियमचीच आहे असं त्यांनी धरलं. त्यांच्या हातात खग्रास स्थितीची मोजकी मिनिटं होती. लॉकयरना ग्रहणाची वाट पाहायची नव्हती, त्यामुळे ते निवांतपणे, पुन्हा पुन्हा मोजू शकले. नव्या रेषेला डी-३ नाव मिळालं.

ती रेषा कुठल्या मूलद्रव्याची हे तेव्हा ठरलं नाही. लॉकयर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी ती हायड्रोजनची असू शकेल का हे तपासलं, पण जुळलं नाही. १८७१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या एडिंबरा अधिवेशनात अध्यक्षीय भाषण करताना विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी फ्रँकलंड आणि लॉकयर यांचा हवाला देऊन 'हेलियम' हे नाव जाहीरपणे घेतलं. ते पृथ्वीवर सापडलं १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झींना, क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत. तेव्हा कुठे अनेक वर्षांची शंका मिटली.

म्हणजे 'हेलियमचा शोध' ही एका दिवसाची घटनाच नाही. रेषा १८६८ ची, नाव १८७१ चं आणि प्रत्यक्ष वायू १८९५ चा. सगळं मिळून २७ वर्षं. 'जॅन्सेन आणि लॉकयर यांनी १८६८ मध्ये हेलियम शोधला' हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य विजयदुर्गाच्या गोष्टीपेक्षा बरं आहे, पण तेही फार ओढूनताणून एका ओळीत बसवलेलं आहे.

मग विजयदुर्ग आला कुठून?

हा भाग मला सगळ्यात आवडतो. लॉकयर विजयदुर्गावर खरोखरच आले होते, पण तीस वर्षांनी.

२२ जानेवारी १८९८ ला आणखी एक खग्रास सूर्यग्रहण झालं. या वेळीही सावली कोकण किनाऱ्यावरून भारतात शिरली. आता लॉकयर 'सर' झाले होते, वय ६१ होतं आणि त्यांनी सुरू केलेलं 'नेचर' नियतकालिक २८ वर्षांचं झालं होतं. त्यांची तुकडी विजयदुर्गला उतरली, मदतीला 'मेल्पोमेनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी होते. या निरीक्षणांचा अहवाल नंतर रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच विजयदुर्गाचं नाव आहे.

त्याआधी डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठीही लॉकयर भारतात आले होते, पण तेव्हा ते आजच्या केरळमधल्या बेकल किल्ल्यावर होते.

आता सगळे तुकडे समोर ठेवा. तोच माणूस, तसंच खग्रास ग्रहण, १८७१ मध्येही किनाऱ्यावरचा किल्लाच, आणि हेलियमशी कायमचं जोडलं गेलेलं नाव. तीस वर्षांत गावाच्या आठवणीत १८९८ चा साहेब १८६८ मध्ये जाऊन बसला असावा, हा माझा तर्क. चौथरे नेमके कधीचे हे सिद्ध करायचं तर वेगळा पुरावा लागेल, पण लॉकयरशी त्यांचं नातं असेल तर ते १८९८ चंच असणार, कारण १८६८ ला लॉकयर तिथे नव्हतेच.

एक गोष्ट लक्षात घ्या. ही कथा स्वतःच स्वतःला खोडते. ग्रहण लागलं नसतानाही सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहता येतो हे दाखवलं, यातच लॉकयरचं १८६८ चं मोठेपण आहे. ग्रहण बघायला त्यांना विजयदुर्गला आणून बसवलं की त्यांचं खरं काम पुसलं जातं.

चॅटबॉट इथे काय करतो

चॅटबॉटच्या मागे भाषेचं मॉडेल असतं. प्रचंड मजकूर वाचून, कुठल्या शब्दांनंतर कुठले शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते शिकलेलं असतं. 'लॉकयर', 'ग्रहण', 'हेलियम', '१८६८', 'भारत' हे शब्द मजकुरात एकत्र येतात, म्हणून उत्तरातही एकत्र येतात. २२ जानेवारी १८९८ ही तारीख त्या मानाने फार कमी ठिकाणी आहे. म्हणजे गावाच्या आठवणीत जे घडलं असावं, तसंच काहीसं यंत्रातही घडतं. जवळजवळच्या दोन गोष्टी चिकटतात आणि जास्त वेळा सांगितलेली गोष्ट कमी वेळा सांगितलेलीला गिळते.

काही चॅटबॉट उत्तर देण्याआधी इंटरनेटवर शोध घेतात. त्याने फरक पडतो, पण शोधात वर येतात ते बहुधा त्याच त्याच कथेचे लेख. दहा दुवे दिसले की आपल्याला वाटतं दहा पुरावे मिळाले. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर ते एका रीडिंगच्या दहा झेरॉक्स आहेत, दहा स्वतंत्र रीडिंग नाहीत. त्यांची सरासरी काढून एरर कमी होत नाही.

मी मुद्दामच इथे कुठल्याही चॅटबॉटच्या उत्तराचा स्क्रीनशॉट टाकलेला नाही. मॉडेल बदलतं, उत्तर बदलतं, आणि आजचा स्क्रीनशॉट पुढच्या महिन्यात निरुपयोगी होतो. त्यापेक्षा तुम्ही स्वतः करून बघा. हाच प्रश्न तीन प्रकारे विचारा :

पहिला : 'विजयदुर्गावर लॉकयरने हेलियमचा शोध कसा लावला?'

दुसरा : 'हेलियमचा शोध कोणी आणि कुठे लावला?'

तिसरा : '१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर कुठे होते? हे कशावरून कळतं?'

प्रत्येक प्रश्न नव्या चॅटमध्ये विचारा, म्हणजे आधीच्या उत्तराची सावली पडणार नाही. आधी मराठीत विचारा, मग इंग्रजीत. उत्तरं शेजारी शेजारी ठेवा.

पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. लॉकयर विजयदुर्गावर होते हे तुम्ही गृहीत धरूनच विचारलंय, यंत्राला फक्त 'कसा' एवढंच सांगायचं उरतं. प्रश्नातलं गृहीतक खोडून काढण्यापेक्षा त्याच्या पुढे गोष्ट रचणं या यंत्रांना सोपं जातं. दुसरा प्रश्न बरा आहे, पण तो एक नाव आणि एक जागा मागतो, म्हणून २७ वर्षांची प्रक्रिया एका ओळीत कोंबली जाण्याची शक्यता असते. तिसरा प्रश्न पुरावा मागतो.

मराठी आणि इंग्रजी उत्तरांत फरक पडला तर त्यात नवल नाही. या विषयावर मराठीत जे लिहिलं गेलंय त्यात विजयदुर्गाच्या कथेचा वाटा मोठा आहे. आपल्या भाषेत मूळ कागदांवर आधारलेलं लेखन जितकं कमी, तितकं यंत्राचं त्या भाषेतलं उत्तर कच्चं.

आणखी एक प्रयोग करा. बरोबर उत्तर मिळालं की म्हणा, 'नाही, तुझं चुकतंय, ते विजयदुर्गावरच होते.' अनेकदा यंत्र माफी मागून तुमच्या बाजूने बोलू लागतं. जो साक्षीदार उलटतपासणीत पहिल्याच झटक्याला साक्ष फिरवतो, त्याची साक्ष आपण कितपत धरायची?

संदर्भ मागितला तर?

'संदर्भासहित उत्तर दे' असं लिहिलं की प्रश्न सुटला, असा एक समज आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात माटा विरुद्ध एव्हियांका या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे सादर केले आणि ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. हे खटले खरे आहेत का, असंही चॅटबॉटला विचारलं गेलं होतं आणि त्याने होकार दिला होता. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. संदर्भ खरा आहे का हे संदर्भ देणाऱ्यालाच विचारून काही उपयोग नसतो.

संदर्भ हातात आला की मी तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही ही सवय लावून घ्या.

एक, हा कागद आहे का? त्या खंडात, त्या पानावर तो लेख खरंच आहे का ते स्वतः उघडून बघा.

दोन, कागद ते म्हणतो का? लेख खरा असतो, पण त्यात तो दावाच नसतो, असं पुष्कळदा होतं. लॉकयरच्या १८९८ च्या अहवालाचा हवाला देऊन '१८६८ मध्ये विजयदुर्गावर' असं वाक्य लिहिलेलं असेल तर वरवर पाहता संदर्भ अस्सलच दिसेल. लेखकही खरा, किल्लाही खरा, चुकलंय फक्त ग्रहण.

तीन, लिहिणाऱ्याला ते माहीत असण्याचा मार्ग कोणता होता? तो तिथे होता का? त्याच वर्षी लिहिलं की पन्नास वर्षांनी? ऐकून लिहिलं की पाहून? इतिहासाची मुलं हे पहिल्या वर्षातच शिकतात. आपल्याला विज्ञानात कोणी शिकवत नाही, पण लॅब नोटबुकचा नियम हाच आहे : निरीक्षण केलं त्याच दिवशी, ज्याने केलं त्यानेच, तारीख टाकून लिहायचं.

याच कारणासाठी 'तू लॉकयर आहेस असं समजून मला उत्तरं दे' हा खेळ मला धोक्याचा वाटतो. मजा येते, खोटं नाही. पण समोरून 'मी' म्हणून बोलणारा आवाज आला की ती साक्ष वाटते. ती साक्ष नसून लॉकयरबद्दलच्या मजकुराचा अंदाज आहे. सिनॉप्सिससाठी हे करूच नका.

चॅटबॉट खरंच कुठे कामाला येतो

एवढं सगळं झाल्यावर वाटेल, मग कशाला वापरायचा? पण काही कामांत तो खरोखर चांगला आहे.

जुनी नावं शोधण्यासाठी. ब्रिटिशकालीन कागदांत 'विजयदुर्ग' शोधलंत तर थोडंच सापडेल. तिथे ते 'विझियाड्रुग' असतं, इंग्रजीत व्ही-आय-झेड-आय-ए-डी-आर-यू-जी, आणि शेवटी कधी कधी दोन ओ घालून 'ड्रूग'. मछलीपट्टण 'मसुलीपटम' होतं, काकीनाडा 'कोकोनाडा' होतं. 'या गावाची एकोणिसाव्या शतकातली सगळी इंग्रजी स्पेलिंग सांग' हा चॅटबॉटला विचारण्यासारखा उत्तम प्रश्न आहे, कारण उत्तर चुकलं तर शोधपेटीत काही सापडणार नाही, एवढंच नुकसान.

कागद कुठे असू शकतील याचा अंदाज घेण्यासाठी. 'फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये अकादमीला पत्र पाठवलं तर ते कुठल्या नियतकालिकात छापलं गेलं असेल?' असं विचारा. अकादमीच्या 'काँत रांद्यू'चं नाव मिळालं की फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' संकेतस्थळावर तुम्ही स्वतः तो खंड उघडू शकता. 'नेचर'चे जुने अंक आणि रॉयल सोसायटीची प्रकाशनंही ऑनलाइन आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या पुस्तकांचं भांडार आहे.

परकी भाषा वाचण्यासाठी. जॅन्सेनचं पत्र फ्रेंचमध्ये आहे. मूळ परिच्छेद समोर ठेवून त्याचं भाषांतर मागा, मग महत्त्वाचे शब्द कोशात तपासा. मूळ मजकूर तुमच्या हातात असल्यामुळे इथे यंत्रावर लगाम राहतो.

विरुद्ध बाजू मांडण्यासाठी. 'माझा दावा असा आहे, तो खोटा ठरवायचा तर कुठला कागद लागेल?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलाय. लॉकयरच्या बाबतीत उत्तर येईल : त्या महिन्यातली पत्रं, उपकरण मिळाल्याची तारीख, मोहिमेतल्या सदस्यांच्या याद्या. शोधाची दिशा मिळाली, बस्स.

या चारही कामांत एक साम्य आहे. यंत्र तुम्हाला दारापर्यंत नेतं, आत जाऊन कागद तुम्ही बघता. जिथे आत जायचं कामच तुम्ही यंत्रावर सोपवता, तिथे गडबड होते.

नोंदीसाठी एक साधा तक्ता ठेवा, वहीत किंवा एक्सेलमध्ये. रकाने चार : दावा, कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, मी स्वतः पाहिलं का. चॅटबॉटकडून आलेली प्रत्येक गोष्ट पहिल्या रकान्यात जाऊ द्या. चौथ्या रकान्यात 'हो' येईपर्यंत ती सिनॉप्सिसमध्ये जाणार नाही, एवढा एकच नियम पाळा. चॅटबॉटला कुठल्या तारखेला काय विचारलं हेही लिहून ठेवा, गाईडने विचारलं तर सांगता येतं.

एवढा खटाटोप कशासाठी?

'सर, हेलियम विजयदुर्गावर सापडला की इंग्लंडमध्ये, माझ्या थिसिसला काय फरक पडतो?' असं कोणी म्हणेल. दोन कारणं देतो.

पहिलं. तुमचा प्रबंध मंजूर झाला की तो शोधगंगावर जातो. त्यातल्या पहिल्या प्रकरणातलं चुकलेलं वाक्य आता 'पीएच.डी. प्रबंधातला संदर्भ' बनतं. पुढचा विद्यार्थी ते उद्धृत करतो आणि पुढचं मॉडेल ते वाचतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजला जी पत नव्हती ती आपण त्याला देतो. लोककथेला निदान काहीतरी खरा आधार होता : साहेब किल्ल्यावर खरंच आला होता. यंत्राने रचलेल्या आणि आपण न तपासता छापलेल्या वाक्याला तेवढाही आधार नसू शकतो.

दुसरं कारण मला जास्त लागतं. २२ जानेवारी १८९८ ला लॉकयर विजयदुर्गावर होते, त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला एक भारतीय शास्त्रज्ञ ग्रहणाची निरीक्षणं घेत होता. त्यांचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, ते प्राध्यापक होते. तिथली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिली होती आणि तिथे २० इंची परावर्ती दुर्बीण होती, त्या काळात भारतातली सर्वांत मोठी. नायगमवालांनी जेऊरच्या निरीक्षणांचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. वेधशाळा पुढे १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे तिला आजही भावनगर दुर्बीण म्हणतात.

ही गोष्ट तुमच्यापैकी किती जणांनी ऐकली होती? १८६८ ची विजयदुर्गाची कथा सांगता सांगता आपण १८९८ विसरलो, आणि १८९८ बरोबर नायगमवालाही गेले. चॅटबॉटला हेलियमचा इतिहास विचाराल तर त्यांचं नाव येण्याचं काही कारणच नाही, कारण ते त्या प्रश्नाच्या उत्तरात बसत नाहीत. पण 'विजयदुर्गावर ग्रहण नेमकं कधी पाहिलं गेलं?' हा प्रश्न धरून तुम्ही कागदांकडे गेलात, तर १८९८ च्या सावलीच्या मार्गावर ते तुम्हाला भेटतात.

विजयदुर्गाचं महत्त्व यामुळे कमी होत नाही. हेलियमचं नाव ज्याच्याशी जोडलं गेलं तो माणूस तिथे येऊन सूर्य बघून गेला, हे खरं आहे आणि कागदावर आहे. खरी तारीख सांगूनही त्या चौथऱ्यांपाशी अभिमानाने उभं राहता येतं.

या आठवड्यासाठी एक काम देतो. तुमच्या विषयाच्या 'ऐतिहासिक पार्श्वभूमी'तलं पहिलं वाक्य घ्या, ज्यात 'अमुक यांनी तमुक साली शोध लावला' असं असेल. त्या दिवशी तो माणूस कुठे होता, त्याने नेमकं काय पाहिलं आणि ते पहिल्यांदा कुठे छापलं गेलं, हे तीन प्रश्न वर सांगितलेल्या तक्त्यात मांडा. चॅटबॉटची मदत खुशाल घ्या. फक्त चौथा रकाना स्वतः भरा. बहुतेक वेळा वाक्य थोडं तरी बदलावं लागेल. पुढच्या लेखात मूळ संशोधन निबंध वाचताना पद्धतीचा भाग आधी का वाचायचा, ते बघू.